‘सीए रिपोर्ट’ तयार करणारे हात : दारव्हा तालुक्यातून फॉरेन्सिकच्या नोकरीपर्यंतची वाट

दारव्हा : “व्हिसेरा राखून ठेवला आहे, सीए रिपोर्ट यायचा आहे.” तालुक्यात कुठे संशयास्पद मृत्यू झाला, फवारणीतून विषबाधा झाली की घरच्यांना पोलीस ठाण्यात हे उत्तर मिळते. मग ते कुटुंब वाट पाहत बसते. रिपोर्ट येत नाही तोवर मृत्यूचे अंतिम कारण लिहिले जात नाही, फाईल पुढे सरकत नाही, अनुदानाचा प्रस्तावही अडकतो. हा रिपोर्ट नेमका कोण तयार करतो, कुठे करतो आणि ते काम आपल्या भागातल्या पोरापोरींना मिळू शकते का, याची फारशी माहिती गावात नसते.

दहावी-बारावीच्या मुलांना ‘फॉरेन्सिक’ हा शब्द मात्र चांगला ठाऊक आहे. ‘सीआयडी’ मालिकेतल्या डॉ. साळुंखेंनी तो घराघरात नेला. त्यामुळे दरवर्षी निकालानंतर ‘फॉरेन्सिकला जायचंय, काय करावं लागतं?’ हा प्रश्न येतोच. त्याचे सरळ उत्तर देणारी ही माहिती.

मालिकेतले एक, प्रत्यक्षात चार

मालिकेत एकच माणूस मृतदेह तपासतो, रक्त तपासतो, बोटांचे ठसेही जुळवतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात हे काम चार वेगवेगळ्या खात्यांत वाटलेले आहे. कोणत्या दारातून आत जायचे हे आधी ठरवले नाही तर शिक्षणाची दिशाच चुकते.

१) पोलीस : घटनास्थळी सगळ्यात आधी पोलीस पोहोचतात. जागा सील करणे, पंचनामा, फोटो, व्हिडिओ, मुद्देमाल जप्त करणे, तो पॅक करून सील लावणे ही जबाबदारी तपास अधिकाऱ्याची. ‘क्राइम सीन’वरचे बहुतांश काम आजही खाकी वर्दीतलेच आहे. श्वान पथकही पोलिसांचेच.

२) डॉक्टर : शवविच्छेदन म्हणजे पीएम हे एमबीबीएस झालेले वैद्यकीय अधिकारी करतात. गुंतागुंतीचे प्रकरण असेल तर ते यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते. तिथल्या न्यायवैद्यकशास्त्र विभागातले डॉक्टर एमबीबीएसनंतर त्याच विषयात एमडी केलेले असतात. बीएस्सी करून पीएम करता येत नाही, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते.

३) प्रयोगशाळा : व्हिसेरा, रक्त, कपडे, हातभट्टीची दारू, जळालेल्या वस्तू, बंदुकीची गोळी, मोबाईल, आवाजाच्या रेकॉर्डिंगची तपासणी गृह विभागाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे असते. मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. आपला जिल्हा अमरावती विभागात येतो.

४) सीआयडीचे तज्ज्ञ : बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर हे दोन विषय या प्रयोगशाळेत नाहीत. ते पुण्याला मुख्यालय असलेल्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहेत. शेतीच्या खरेदीखतावर खोटी सही, चेकवर बनावट सही असे प्रकरण असेल तर कागद सीआयडीच्या हस्ताक्षर तज्ज्ञाकडे जातो.

‘सीए’ म्हणजे इथे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, ‘केमिकल ॲनालायझर’. इंग्रजांच्या काळात विष तपासण्यासाठी सरकारी रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा असायची. अशी पहिली प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये आणि मुंबईची १८७० मध्ये सुरू झाली. पुढे खात्याचे नाव बदलले, कामाचा पसारा वाढला, पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात ‘सीए रिपोर्ट’ हाच शब्द राहिला.

यवतमाळ जिल्ह्याला हा विषय का लागू आहे

२०१७ चा खरीप जिल्हा विसरलेला नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. त्या वेळी एक साधा मुद्दा पुढे आला. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाधा झाली का हे सांगणारी रक्तातली कोलीनएस्टरेज तपासणी जिल्ह्यातच करायची सोय नव्हती. रुग्ण इथे आणि तपासणी दुसरीकडे, अशी स्थिती होती.

कोणत्या औषधाने माणूस गेला हे सिद्ध करायचे असेल तर नमुना वेळेत घेतलेला पाहिजे, नीट राखलेला पाहिजे आणि तपासणारा माणूस पाहिजे. या तिन्ही गोष्टींवर मागे राहिलेल्या कुटुंबाचा हक्क अवलंबून असतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा त्यात बसते, पण अशा प्रकरणात रासायनिक विश्लेषणाचा अहवाल मागितला जातो. म्हणजे अमरावतीच्या टेबलावरची बाटली आणि इथल्या विधवेचा प्रस्ताव एकमेकांना बांधलेले आहेत.

फॉरेन्सिक म्हणजे फक्त मुंबईचे खून आणि बॉम्बस्फोट, असा समज असेल तर तो काढून टाकावा. प्रयोगशाळेत येणाऱ्या कामात दारूबंदी कायद्याखालचे नमुने, मद्यपी चालकांचे रक्त आणि विषबाधेचा व्हिसेरा यांचा वाटा मोठा असतो. हे सगळे तालुक्यातूनच जाते.

एक नमुना दारव्ह्याहून अमरावतीला कसा जातो

ज्याला या क्षेत्रात यायचे आहे त्याने हा प्रवास आधी समजून घ्यावा. नोकरी कोणतीही असो, काम याच साखळीतल्या एखाद्या कडीचे असते.

समजा फवारणी करताना शेतमजूर कोसळला आणि उपचार सुरू असताना दगावला. पोलीस मर्ग दाखल करतात. मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा होतो. डॉक्टर पीएम करतात आणि मृत्यूचे कारण उघड दिसत नसेल किंवा विषाचा संशय असेल तर मत राखून ठेवून व्हिसेरा काढतात. जठर व त्यातील अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृताचा तुकडा, मूत्रपिंडाचे भाग आणि रक्त वेगवेगळ्या बाटल्यांत घेतले जाते. विष तपासायचे असेल तर व्हिसेरा सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. म्हणजे पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत टाकायचे. तोच तुकडा चुकून फॉर्मेलिनमध्ये गेला तर विषाची तपासणी अवघड होऊन बसते. एका बाटलीतला द्रव बदलला की पुढचे सगळे बिघडते.

बाटलीवर नाव, पीएम क्रमांक, तारीख, सही असलेले लेबल लागते. लाखेचे सील लागते. सीलचा नमुना सोबतच्या पत्रावर उमटवतात. मग पोलीस शिपाई हा मुद्देमाल घेऊन प्रयोगशाळेत जातो. तिथला कर्मचारी बाटलीवरचे सील पत्रावरच्या नमुन्याशी जुळवून पाहतो. सील फुटलेले, लेबल वेगळे, पत्र अपुरे असेल तर नमुना परत जाऊ शकतो.

बियाणे निरीक्षक कृषी केंद्रातून बियाण्याचा नमुना घेतो ते शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. बियाणे कायदा १९६६ नुसार त्या नमुन्याचे भाग करून सील लावतात. एक भाग विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक राखीव. नंतर ‘नमुना बदलला’ असे कोणी म्हणू नये म्हणून ही काळजी. फॉरेन्सिकमध्येही हेच तत्त्व आहे. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हातात, किती वाजता, कोणत्या स्थितीत गेला याची अखंड नोंद पाहिजे. ती तुटली की आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवतो.

प्रयोगशाळेत विषशास्त्र विभागात ऊतक बारीक करून त्यातून द्रावकाच्या मदतीने रसायन वेगळे काढतात. आधी थिन लेअर क्रोमॅटोग्राफीसारखी प्राथमिक चाचणी, मग जीसी-एमएससारख्या यंत्रावर खात्री. सोबतच्या पत्रात ‘अमुक औषधाची फवारणी सुरू होती’ असे लिहिलेले असेल तर शोध त्या दिशेने लवकर जातो. काहीच लिहिलेले नसेल तर विश्लेषकाला सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात आणि वेळ जातो. म्हणून फवारणीतून त्रास झाला की औषधाची बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात नेणे फार महत्त्वाचे आहे. त्याने उपचारालाही मदत होते आणि तपासालाही.

रिपोर्ट येतो पोलीस ठाण्यात. त्यात ‘अमुक कीटकनाशक आढळले’ किंवा ‘विष आढळले नाही’ एवढेच असते. मृत्यू कशाने झाला याचे अंतिम मत डॉक्टर देतात, विष शरीरात कसे गेले याचा तपास पोलीस करतात. प्रयोगशाळा न्याय करत नाही. जे सापडले तेवढेच सांगते. या कामाचा पहिला नियम हाच आहे.

डीएनएच्या नमुन्याची गोष्ट वेगळी. रक्ताचे डाग असलेले ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले की ओलाव्याने नमुना कुजतो. ते सावलीत वाळवून कागदात पॅक करावे लागतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात ही एक चूक पीडितेची केस कमजोर करू शकते.

कायदा बदलला, माणसे लागणार

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्या कामाचे व्हिडिओ चित्रण करायचे आहे. ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचेही ऑडिओ-व्हिडिओ चित्रण बंधनकारक झाले.

याचा अर्थ साधा आहे. आजवर तज्ज्ञ शहरात बसायचा आणि नमुना त्याच्याकडे जायचा. आता तज्ज्ञाने लाडखेड किंवा बोरी अरबच्या शिवारातही यायचे आहे. त्यासाठी राज्यात मोबाईल फॉरेन्सिक व्हॅन आणल्या जात आहेत. गाडी विकत घेता येते, पण ती चालवणारे प्रशिक्षित हात तयार व्हायला वर्षे लागतात. केंद्र सरकारनेही जून २०२४ मध्ये फॉरेन्सिक सुविधा वाढवण्यासाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा काळ २०२४-२५ ते २०२८-२९ असा आहे. आज अकरावीत असलेले मूल पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा ही व्यवस्था उभी होत असेल.

बारावीनंतर कोणती वाट

प्रयोगशाळेत जायचे असेल : बारावी विज्ञान. पुढे बीएस्सी रसायनशास्त्र घेऊन किंवा बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स. त्यानंतर एमएस्सी. अनेक पालक विचारतात की ‘फॉरेन्सिक’ नावाचीच डिग्री पाहिजे का? विषशास्त्र, दारू तपासणी, सामान्य विश्लेषण या विभागांचा पाया रसायनशास्त्र आहे. डीएनए व रक्त विभागाला जीवशास्त्र, बायोटेक, बायोकेमिस्ट्री चालते. बंदूक-गोळीच्या विभागाला भौतिकशास्त्र लागते. सायबरला संगणक. त्यामुळे जवळच्या महाविद्यालयात चांगली बीएस्सी केमिस्ट्री करूनही या क्षेत्राचे दार उघडे राहते. उलट केमिस्ट्रीच्या पदवीवर औषध कंपनी, अन्न तपासणी, शिक्षकी पेशा अशा इतर वाटाही उरतात. दोन्ही बाजू पाहून निर्णय घ्यावा.

घटनास्थळी काम करायचे असेल : पोलीस व्हा. शिपाई भरतीला बारावी पास लागते. वय १८ ते २८, मागासवर्गीयांसाठी ३३ पर्यंत. पुरुषांना १६५ सेंमी व महिलांना १५५ सेंमी उंची, ५० गुणांची मैदानी आणि १०० गुणांची लेखी परीक्षा. पदवीनंतर एमपीएससीमार्फत पोलीस उपनिरीक्षक होता येते आणि तपास अधिकारी म्हणून पंचनाम्याची सूत्रे हातात येतात. विज्ञान शिकलेला तपास अधिकारी मुद्देमाल जास्त नीट हाताळतो, हे वेगळे सांगायला नको.

डॉक्टर व्हायचे असेल : नीट परीक्षा, एमबीबीएस, मग न्यायवैद्यकशास्त्रात एमडी. वाट लांब आहे, पण या विषयाकडे कल असणारे डॉक्टर कमी असतात.

संगणकाची आवड असेल : बीएस्सी कॉम्प्युटर, बीसीए किंवा इंजिनिअरिंग करून सायबर फॉरेन्सिककडे वळता येते. ओटीपी विचारून खाते रिकामे करण्याचे प्रकार गावोगाव पोहोचले. जप्त मोबाईलमधला डेटा न बदलता काढणे, त्याची हॅश व्हॅल्यू नोंदवणे, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडणे हे सगळे प्रशिक्षणाचे काम आहे.

ठसे आणि सही : अंगुलीमुद्रा व हस्ताक्षर विभागातही विज्ञानाचे पदवीधर लागतात. जगातले पहिले अंगुलीमुद्रा केंद्र १८९७ मध्ये कोलकात्याला सुरू झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा हात होता. आज महाराष्ट्र पोलिसांकडे ‘ॲम्बिस’ ही संगणक प्रणाली आहे, ती बोटांच्या ठशांसोबत चेहरा आणि डोळ्यांची नोंदही जुळवते. तरी शेवटची सही तज्ज्ञाचीच लागते.

शिक्षण कुठे

- शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था : नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणून आपल्या मुलांना तेच सोयीचे. सरकारी संस्था असल्याने खासगीच्या तुलनेत खर्च कमी.
- राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ : मुख्यालय गांधीनगर. २००९ मध्ये गुजरातचे राज्य विद्यापीठ म्हणून सुरू झाले, २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झाले. गोव्यातही परिसर आहे. मे २०२५ मध्ये नागपूरच्या कायमस्वरूपी परिसराची पायाभरणी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाली, तात्पुरता परिसरही सुरू झाला. प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतंत्र परीक्षा असते. बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस्सी-एमएस्सी अभ्यासक्रमही आहे.
- संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बीएस्सी करून एमएस्सीला बाहेर जाणे, हा घरापासून कमी खर्चाचा पर्याय.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल पाहावे. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना, शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे प्रवेशाच्या आधीच तयार ठेवावीत. ऐन जून-जुलैत पेरणी आणि दाखल्यांची धावपळ एकाच वेळी येते, हा दरवर्षीचा अनुभव आहे.

भरती कशी होते

राज्याच्या प्रयोगशाळांत गट क ची पदे संचालनालय जाहिरात काढून भरते, राजपत्रित पदे एमपीएससीमार्फत भरली जातात. २०२४ च्या सुरुवातीला संचालनालयाने १२५ पदांची जाहिरात काढली होती. त्यात वैज्ञानिक सहायकांसोबत सायबर, ध्वनी विश्लेषण, मानसशास्त्र या शाखांची पदे होती आणि प्रयोगशाळा सहायकाची पदेही होती. पदवी होईपर्यंत थांबणे घरच्या परिस्थितीने शक्य नसेल तर प्रयोगशाळा सहायकाच्या पदाकडे लक्ष ठेवावे.

अडचण ही की अशा जाहिराती दरवर्षी येत नाहीत. मधली दोन-चार वर्षे कोरडी जाऊ शकतात. राज्य सेवेत वयोमर्यादा खुल्या वर्गाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे संधी हातची जात नाही, पण तोवर पोट भरायचे साधन लागते. केंद्रीय न्यायसहायक प्रयोगशाळाही आहेत, त्यातली एक पुण्यात आहे. त्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात. एमएस्सीनंतर नेट परीक्षेत फॉरेन्सिक सायन्स हा विषय आहे, म्हणजे प्राध्यापकीचीही वाट आहे.

हातात केमिस्ट्री असेल तर शेजारचे क्षेत्रही पाहावे. अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा, कृषी विभागाची अमरावतीची कीटकनाशक चाचणी प्रयोगशाळा, बियाणे व माती परीक्षण केंद्रे. बोगस कीटकनाशक पकडणारा विश्लेषक वर्दीत नसला तरी शेतकऱ्यासाठी तपासच करत असतो.

पैसे भरण्याआधी

‘सहा महिन्यांत क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर व्हा’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. फी पन्नास हजार, लाख. कोर्स संपला की रंगीत प्रमाणपत्र. महाराष्ट्र पोलिसांत ‘क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर’ म्हणून अशा प्रमाणपत्रावर थेट भरती होत नाही. माहिती म्हणून ऑनलाइन कोर्स करायला हरकत नाही, पण कापूस विकून किंवा कर्ज काढून फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात.

- पदवी कोणते विद्यापीठ देणार आहे? ते यूजीसीच्या यादीत आहे का?
- सरकारी जाहिरातीत ही पदवी पात्र धरली आहे का? जुनी जाहिरात काढून त्यातली शैक्षणिक अर्हता शब्दशः वाचावी.
- महाविद्यालयात स्वतःची प्रयोगशाळा आहे का, की फक्त वर्ग? एकदा जाऊन डोळ्यांनी पाहावे.
- ‘शंभर टक्के नोकरी’ असे लेखी देतात का? तोंडी सांगितलेले धरू नये.

कामाची दुसरी बाजू

हे काम टीव्हीवर दिसते तसे झगमगीत नाही. व्हिसेऱ्याचा वास सहन करावा लागतो. घटनास्थळी कुजलेला मृतदेह असू शकतो, विहिरीतून काढलेला असू शकतो, लहान मुलाचाही असू शकतो. प्रयोगशाळेत तेच ते नमुने रोज तपासायचे, प्रत्येकाची नोंद तेवढ्याच काळजीने लिहायची. नमुने जास्त आणि माणसे कमी, म्हणून प्रलंबित कामाचा ताण कायमचा.

कोर्टाचीही तयारी ठेवावी. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल पुरावा म्हणून वाचला जातो, तरी न्यायालय त्याला साक्षीला बोलावू शकते. चार-पाच वर्षांपूर्वी तपासलेल्या नमुन्यावर वकील उलटतपासणी घेतो. तेव्हा आठवण कामाची नसते, लिहून ठेवलेली नोंद कामाची असते. दारव्ह्यालाही सत्र न्यायालय आहे. ज्या मुलांना या क्षेत्रात यायचे आहे त्यांनी एखादा दिवस जाऊन खुल्या न्यायालयातली साक्ष ऐकावी. हे काम शेवटी कुठे पोहोचते ते तिथे समजते.

मुलींनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये. डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती १९७४ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या आणि पुढे राज्याच्या संचालक झाल्या. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासातल्या प्रयोगशाळेच्या कामात त्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी जे जमले ते आज अवघड नाही.

गावात बसून आजपासून काय करता येईल

- अकरावी-बारावीत रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल मनापासून करा. जर्नल कॉपी करू नका. निरीक्षण जसे दिसले तसे लिहायची सवय हीच पुढची नोकरी आहे.
- मराठी शुद्ध आणि स्पष्ट लिहायला शिका. पंचनामा मराठीत होतो. इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, कारण पुस्तके आणि यंत्रांची माहिती इंग्रजीत असते.
- संचालनालय, एमपीएससी आणि महाराष्ट्र पोलिसांची अधिकृत संकेतस्थळे महिन्यातून एकदा पाहा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीवर फॉर्म भरू नका.
- चारित्र्य पडताळणी होते. किरकोळ भांडणातला गुन्हाही भरतीच्या वेळी आडवा येतो.

सगळ्यांसाठी एक गोष्ट

नोकरी करायची नसली तरी हे माहीत असावे. शिवारात, घरात, रस्त्यावर काही अघटित घडले की अर्धे गाव तिथे जमते. कोणी चादर टाकतो, कोणी वस्तू उचलून पाहतो, कोणी जवळून मोबाईलवर शूटिंग करतो. काळ्या मातीत उमटलेली चप्पल, बाटलीवरचे बोट, दोरीची गाठ हे सगळे त्या पंधरा मिनिटांत पुसले जाते. जखमी माणूस जिवंत असेल तर त्याला वाचवणे पहिले, त्यासाठी काहीही हलवावे लागले तरी हलवा. जीव गेलेला असेल तर मात्र ११२ वर फोन करा, लोकांना लांब थांबवा आणि कशालाही हात लावू नका.

अमरावतीचा विश्लेषक कितीही हुशार असला तरी इथून जे गेले नाही ते त्याला सापडणार नाही. तालुक्यातली दहा पोरं जरी शिकून या साखळीत कुठे ना कुठे उभी राहिली, कोणी ठाण्यात, कोणी दवाखान्यात, कोणी प्रयोगशाळेत, तरी रिपोर्टची वाट पाहणाऱ्या घरांची वाट थोडी कमी होईल.